एक नग ‘हँग ऑन’

दर मंगळवारी दुपारी तीन वाजता डिक्शनरींना फोनवर नीट बोलता आलं, तर त्यांच्या पदरात पडणार होतं ते असं : नोकरीची आणखी दोन वर्षं, काचेची खोली, तिच्यातली उशीवाली खुर्ची आणि दिवसभर घरी न बसण्याची सोय. शेवटची बाब सगळ्यात मोठी. त्यांची बायको दवाखान्यात नर्स, तिची अजून पाच वर्षं बाकी. तिने आधीच सांगून ठेवलं होतं, "घरी बसलात तर भिंतींच्या चुका काढाल. आणि भिंती उलट बोलत नाहीत म्हणून तुम्हाला करमायचं नाही."

डिक्शनरी म्हणजे आमच्या पेन्सिलीच्या कारखान्याचे हेडक्लार्क. खरं नाव पगारपत्रकावर असेल, तोंडात कोणाच्याच नाही. एकतीस वर्षं कारखान्याची सगळी इंग्रजी पत्रं त्यांनी लिहिली. त्यांच्या पत्रात सरस कधी नुसता संपला नाही, ‘एक्झॉस्ट’ झाला. मालगाडी उशिरा आली नाही, तिचं ‘अरायव्हल’ ‘डिले’ झालं. पाच अक्षरांहून लहान शब्द त्यांना उघड्यावर पडलेल्या स्क्रूसारखा वाटायचा. कामाचा असेल, पण हातात कोण घेणार?

चार महिन्यांनी ते निवृत्त होणार होते. तेवढ्यात परदेशातून पेन्सिलीच्या टोकाला खोडरबर बसवायचं यंत्र आलं आणि पहिल्याच दिवसापासून खोडरबर तिरपे बसायला लागले. हजार पेन्सिली, हजारच्या हजार एका बाजूला मान टाकलेल्या. यंत्राला नव्वद दिवसांची हमी होती. तेवढ्या मुदतीत दर मंगळवारी तीनला तिकडची इंजिनिअर फोन करणार, काय बिघडलंय ते समजून घेणार, लागेल तो भाग फुकट पाठवणार. त्यानंतर आमचं आम्ही बघायचं. मॅनेजरांनी डिक्शनरींना बोलावलं. "वरून एक जागा मंजूर झालीय. परदेशी पत्रव्यवहाराची, दोन वर्षांची. हे फोन तुम्ही सांभाळा, यंत्र चालू करून द्या, जागा तुमची."

मी स्टोअर सांभाळते. माझी खिडकी काचेच्या खोलीच्या बरोबर समोर. बावीस वर्षं खिळे, पाने, सरस मोजते, आणि मधल्या वेळात माणसं. पहिल्या फोनला तर मी खोलीतच होते, सुट्या भागांची यादी घेऊन. दारात बोटवाला उभा होता. बोटवाला म्हणजे आमचा मेकॅनिक. तरुणपणी नऊ वर्षं मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत काढलेली, शाळेशी मात्र सहावीतच वाकडं आलेलं. दारात अशासाठी, की ग्रीसच्या हातांनी काचेच्या खोलीत यायचं नाही असा नियम होता. नियम डिक्शनरींचा.

फोन वाजला. डिक्शनरींनी टायची गाठ नीट केली, जसं काही ती बाई फोनमधून बघणारच होती, आणि दोन पानी निवेदन वाचून दाखवलं. यंत्राने आपल्या कर्तव्यात कसूर केल्याचं आम्ही सखेद नमूद करतो, असा एकूण सूर.  मग पलीकडून एक हसरा आवाज आला आणि भरभर सुटला.

"ओके, सो इट्स अ‍ॅक्टिंग अप. हँग ऑन, लेट मी लुक इट अप. राइट. कॅन यू टेक द कव्हर ऑफ, अँड सी इफ द स्प्रिंग्ज वॉर्न आउट?"

"पार्डन," डिक्शनरी म्हणाले. तिने पुन्हा सांगितलं. ते पुन्हा पार्डन म्हणाले. तिसऱ्यांदा त्यांनी कपाळावरचा घाम टिपला, "वी शॉल कम्युनिकेट" असं काहीसं म्हणून फोन ठेवला आणि माझ्याकडे बघितलंच नाही.

तेवढ्यात बोटवाला दारात परत आला. तो गेला कधी होता हे आम्हाला कळलंच नव्हतं. हातात यंत्राचं झाकण. "स्प्रिंग चांगली आहे, साहेब. झिजलेली नाही. सांगा तिला."

"तुम्हाला झाकण काढायला कोणी सांगितलं?"

"तिनंच की."

डिक्शनरींनी निवेदनाची दोन पानं पुन्हा चाळली, जणू झाकणाचं त्यातच कुठेतरी लिहिलेलं असावं.

दुसऱ्या दिवशी डिक्शनरी माझ्या खिडकीशी आले. एरवी ते शिपायाकडून निरोप धाडतात. इकडे बघितलं, तिकडे बघितलं, खिडकीच्या लाकडावरची धूळ बोटाने काढली.

"बाई, एक माहिती हवी होती. म्हणजे मला नको. नोंदीसाठी."

"कसली?"

"तो मेकॅनिक काल... म्हणजे त्या बाईंनी जे शब्द वापरले, ते त्याला कुठून..." आवाज खाली गेला. "शब्द सगळे ओळखीचे हो. टेक ओळखीचा, ऑफ ओळखीचा. पण जोडीने आले की ओळखच दाखवत नाहीत."

"मग विचारा ना त्याला. समोरच तर आहे."

त्यांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांना मधल्या सुट्टीत लंगडी खेळायला सांगितलं असावं. एकतीस वर्षं ज्यांनी सगळ्यांच्या चुका काढल्या, त्यांनी सहावी नापासाला अर्थ विचारायचा. मला त्यांची दया आली, आणि दया आली की मला चेष्टा सुचते.

"तोंडी तर मी काहीच देत-घेत नाही," मी म्हणाले. "मागणीचिठ्ठी भरा. तुमचाच नियम."

हा नियम खरंच त्यांचा. फार पूर्वी एक हातोडी हरवली, तेव्हापासून स्टोअरमधून खिळासुद्धा चिठ्ठीशिवाय निघत नाही. एका चिठ्ठीच्या तीन प्रती, मध्ये कार्बन. पांढरी माझ्याकडे राहते, पिवळी नेणाऱ्याला, गुलाबी फाइलला. मला वाटलं, रागावून जातील. पण त्यांचा चेहरा उजळला. चिठ्ठी म्हणजे रीतसर काम, आणि रीतसर कामात कमीपणा नसतो. त्यांनी पेन काढलं आणि सुंदर अक्षरात भरलं :

वस्तू : ‘अ‍ॅक्ट अप’ या जोडीचा अर्थ. नग : एक. कारण : यंत्र क्रमांक सात. परत करणार का : होय.

"परत कसा करणार?" मी विचारलं.

"वापर झाल्यावर," ते म्हणाले आणि पाठ ताठ करून गेले.

दुपारी डबा खाऊन बोटवाला खिडकीशी आला. मी चिठ्ठी वाचून दाखवली. तो हसला नाही, हे त्याचं मोठेपण. जिभेने दाढेत अडकलेलं काहीतरी काढत म्हणाला, "पाहुणे आले की घरातलं पोर जे सुरू करतं ना, ते अ‍ॅक्ट अप. यंत्र नखरे करतंय. आणि त्यात त्यांना ‘हँग ऑन’ पण द्या माझ्याकडून. न मागता. म्हणजे जरा थांबा. तो शब्द असला की माणूस फोनवर बुडत नाही."

मी चिठ्ठीच्या खालच्या कोऱ्या जागेत लिहिलं, कार्बनसकट. तिथून सुरुवात झाली.

आठवड्याला सात-आठ चिठ्ठ्या यायला लागल्या. ‘वेअर आउट’, नग एक. ‘फिगर आउट’, नग एक, तातडीचा. ‘रन आउट’ आला तेव्हा खाली डिक्शनरींची टीप होती : धावत बाहेर जाणे? बोटवाल्याने उत्तर दिलं, "संपणं. जहाजावर स्वयंपाकी सकाळी ओरडायचा, शुगर रन आउट. साखर कुठे धावणार, समुद्रात?" ‘पुट अप विथ’ला तो लगेच म्हणाला, "हे काय, बायको आपल्याला करते ते. सोसणं. पण रडून नाही, कपाळाला आठी घालून."

एका चिठ्ठीवर कारणाच्या रकान्यात यंत्र क्रमांक नव्हता. ‘घरगुती’ असं होतं. वस्तू : ‘मेक अप’, भांडणानंतरचा.

"भांडण मिटवणं," बोटवाला म्हणाला. "पण बाई, साहेबांना सांगा, नुसता शब्द नेऊन भागत नाही. सोबत चहा करून न्यावा लागतो."

मी तेही लिहिलं. दुसऱ्या दिवशी डिक्शनरी शीळ घालत आले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. सूर बरोबर नव्हता, पण तक्रार करणार कोण?

अर्थात त्यांच्यातला हेडक्लार्क गप्प बसणारा नव्हता. त्यांनी एक वही घातली. एका पानावर सगळे ‘अप’, दुसऱ्यावर सगळे ‘ऑफ’. काहीतरी नियम निघेल आणि मग चिठ्ठ्यांची गरज उरणार नाही, असा बेत. तिसऱ्या आठवड्यात ती वही घेऊन खिडकीवर आले, केस विस्कटलेले.

"बाई, ही काय भाषा झाली? ‘गो ऑफ’ घ्या. गजर गोज ऑफ, म्हणजे वाजतो. दिवा गोज ऑफ, म्हणजे विझतो. दूध गोज ऑफ, म्हणजे नासतं. माणसाने धरायचं काय?"

बोटवाला शेजारीच पान्याची चिठ्ठी घेऊन उभा होता. दोघांमध्ये हातभर अंतर. तरीही डिक्शनरी बोलले माझ्याशी, आणि उत्तरही बोटवाल्याने मलाच दिलं. "बाई, साहेबांना विचारा, भूक लागते, आग लागते, दार लागतं, ठेच लागते, नोकरी लागते. ह्यात त्यांनी काय धरलं?"

"ते वेगळं. ते आपल्याला कळतं," डिक्शनरी मला म्हणाले.

"कारण तुम्ही ते वहीत घातलं नाही म्हणून," मीच मध्ये पडले. मध्यस्थाला कधीतरी आपला माल खपवायचा हक्क असतो. "आता बघा. बोलून पाहिलं, बोलून ठेवलं, बोलून बसलो, बोलून टाकलं. बोलणं एकच. पण पाहिलं म्हणजे अंदाज घेतला, ठेवलं म्हणजे पुढची सोय केली, बसलो म्हणजे आता पस्तावतोय, आणि टाकलं म्हणजे छाती हलकी झाली. हे कोणत्या नियमाने शिकलात?"

डिक्शनरींनी वही मिटली.  "मी आयुष्यभर बोलून ठेवतच आलो, बाई," ते म्हणाले आणि गेले.

फोन मात्र सुधारत चालले. दुसऱ्या मंगळवारी इंजिनिअर सुटली तशी डिक्शनरींनी हात वर केला, फोनला दिसावा असा, आणि म्हणाले, "प्लीज हँग ऑन." पलीकडची बाई खरंच थांबली. ते इतके चकित झाले, की पुढे काय विचारायचं तेच विसरले. काचेबाहेर पॅकिंगच्या बायकांनी काम थांबवून टाळ्या वाजवल्या. पाचव्या मंगळवारी ते तिला म्हणाले, यंत्र ‘हीट अप’ झालं, म्हणजे तापलं, की ‘अ‍ॅक्ट अप’ करतं, आणि आता हे ‘पुट अप विथ’ करवत नाही. ती मनापासून हसली. शब्द मी बोटवाल्याकडून पोहोचवलेले, पण त्यांतली आठी त्यांची स्वतःची होती.

यंत्र तरी सरळ होत नव्हतं. खोडरबर तासभर ताठ बसायचे, मग पुन्हा माना टाकायचे. ती विचारायची ते डिक्शनरी बोटवाल्याला सांगत, तो दारातून सांगायचा ते डिक्शनरी तिला. बोटवाला पाच वाक्यं बोलला की पलीकडे दोन पोहोचायची. उरलेली तीन काचेच्या खोलीतच विरायची. असे बारा मंगळवार गेले.

आणि मग हमी संपायला तीन दिवस राहिले असताना, सोमवारी, मला घाम फुटला.

मी पांढऱ्या चिठ्ठ्यांचा गठ्ठा बांधत होते. पिवळ्या डिक्शनरींकडे. मग गुलाबी? गुलाबी प्रती मी दर शनिवारी एकत्र करून मॅनेजरांच्या ट्रेमध्ये टाकते. बावीस वर्षं टाकतेय. हाताला इतकी सवय, की डोक्याला विचारत नाही. ‘अ‍ॅक्ट अप’पासून ‘मेक अप, घरगुती’पर्यंत एकूण एक्क्याण्णव गुलाबी चिठ्ठ्या, अर्थासकट आणि माझ्या अक्षरातल्या ‘देणार : मेकॅनिक’ या नोंदीसकट, मॅनेजरांच्या टेबलावर जाऊन पडल्या होत्या.

मी तशीच काचेच्या खोलीत गेले आणि सांगून टाकलं. डिक्शनरी रागावले असते तर बरं झालं असतं. ते नुसते म्हणाले, "म्हणजे साहेबांना सगळं ठाऊक आहे."

"चूक माझी."

"नाही. तीन प्रतींचा नियम माझा." आणि मग, "शनिवारी टाकायच्या हेसुद्धा माझंच."

मंगळवारी तीनला मॅनेजर स्वतः येऊन बसले. कोपऱ्यातली साधी खुर्ची ओढून, हाताची घडी घालून. चिठ्ठ्यांबद्दल अक्षर नाही. दारात बोटवाला, त्याच्यामागे मी. डिक्शनरींचा टाय आज ठीक होता, तरी त्यांनी तो दोनदा ठीक केला.

इंजिनिअर नेहमीसारखी आनंदात होती. पंधरा मिनिटं त्यांनी सगळं निभावलं. एकदाही पार्डन नाही. शेवटी ती म्हणाली, "ग्रेट. सो इट वॉर्म्स अप, देन इट सेटल्स डाउन. इफ इट सेटल्स डाउन, वी कॅन साइन इट ऑफ टुडे. डज इट?"

शब्द अन् शब्द त्यांना कळला, हे त्यांच्या मानेवरून दिसत होतं. एक ‘येस’ म्हणायचा अवकाश होता. कागदावर यंत्र ठीक, जागा पक्की, दोन वर्षं खिशात. खोडरबर तिरपे आले असते ते नंतर, आणि तिरप्या खोडरबराचा दोष आजवर कोणी हेडक्लार्कला दिलेला नाही.

त्यांनी बोटवाल्याकडे बघितलं. त्याने मान हलवली. "नाही बसत, साहेब. पुन्हा सरकतंच. का ते मला माहीत आहे, पण ते असं दारातून सांगण्यासारखं नाही."

डिक्शनरी उठले. उशीवाली खुर्ची मागे सरकवली.

"या. बसा."

"साहेब, हात ग्रीसचे आहेत."

"खुर्ची पुसता येते," डिक्शनरी म्हणाले आणि फोनकडे वाकले. "नो, मॅडम. इट डझ नॉट. माय कलीग नोज व्हाय. आय अ‍ॅम हँडिंग ओव्हर." हे त्यांनी चिठ्ठीवर कधी मागितलेलं नव्हतं. कुठून काढलं देव जाणे.

बोटवाला खुर्चीच्या अगदी कडेला बसला, पडेल असा. "हॅलो मॅडम. शी रन्स फाइन कोल्ड. वॉर्म्स अप, स्प्रिंग गिव्ह्ज वे. आय बॅक इट ऑफ, शी बिहेव्ह्ज. वन आवर. देन अगेन." आणि ती दोघं जी सुटली. आत घे, बाहेर काढ, वर कर, खाली सोड, असे एवढे एवढे शब्द, गोट्यांसारखे टपाटप. पाचव्या मिनिटाला बोटवाला खुर्चीत मागे टेकला. दहाव्या मिनिटाला दोघं खळखळून हसली. कशावर, ते मला कळलं नाही, पण डिक्शनरींना कळलं, कारण तेही हसले, दारात उभे राहून, माझ्या शेजारी.

स्प्रिंग झिजलेली नव्हती. यंत्र तापलं की ती दबायची, जरा जाड स्प्रिंग हवी होती. ती पाठवते म्हणाली, हमीतच.

फोन संपल्यावर मॅनेजरांनी खिशातून गुलाबी गठ्ठा काढला. रबरबँड लावलेला, कोपरे दुमडलेले. "हे मी परत करायला आणलं होतं," ते म्हणाले. मग जरा ओशाळले. "माझी मुलगी फोनवर असंच बोलते, तिच्या मैत्रिणींशी. मी वर्षभर कळल्यासारखी मान हलवत होतो. आता कळतं. मधल्या एका शनिवारी तीनच चिठ्ठ्या आल्या, तेव्हा तर मला तुमचा रागच आला, डिक्शनरी."

 बोटवाला खुर्चीतून उठायला लागला, तर मॅनेजर म्हणाले, "बसा." आणि डिक्शनरींना म्हणाले, "मंजुरी एकाच जागेची आहे. शब्द माझा तुम्हाला दिलेला आहे, आणि यंत्र तर तुम्ही चालू करून दिलंतच. नाव कोणाचं घालायचं ते मी कोरं ठेवतो. तुम्ही भरा."

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिली चिठ्ठी डिक्शनरींची.

"रात्री घरी सांगितलंत?" मी विचारलं.

"सांगितलं. ती म्हणाली, भिंती रंगवून घेते." ते हसले. "आता तिने मला पुट अप विथ करायचं. कपाळाला आठी घालून. पण काल बाई, काय सांगू, मी एकदाचं बोलून टाकलं."

स्प्रिंग आली. खोडरबर ताठ बसतात, परेडला उभे राहिल्यासारखे. परदेशी पत्रं आता बोटवाला बोलतो आणि मी लिहिते. इतकी लहान आणि इतकी सरळ पत्रं या कारखान्यातून कधी गेली नव्हती, आणि उत्तरं त्याच आठवड्यात येतात. स्पेलिंग तपासायला निवृत्तीनंतरही दर मंगळवारी तीनला डिक्शनरी येतात, टाय लावून, बिनपगारी. बोटवाल्याने त्यांच्यासाठी खोलीत दुसरी खुर्ची ठेवलीय. बसण्याआधी ते त्याला विचारतात, "हात धुतलेत का?" तो म्हणतो, "नाही." मग दोघं बसतात. नर्सबाई सांगत होत्या, मंगळवारी घर कसं शांत असतं, आणि त्यांना ते अजिबात आवडत नाही.

हिशेब मांडायचा तर बोटवाल्याला काचेची खोली मिळाली, मॅनेजरांना एक्क्याण्णव शब्द आणि एक मुलगी, मला बावीस वर्षांतली सगळ्यात चांगली चेष्टा. दिलं मात्र एकाच माणसाने. त्या सकाळची पांढरी प्रत माझ्याकडे आहे. वस्तू : खुर्ची, उशीसकट. नग : एक. कोणासाठी : मेकॅनिक. कारण : परदेशी पत्रव्यवहार. परत करणार का : नाही.

अक्षर नेहमीसारखं सुंदर. गुलाबी प्रतीसाठी ते शनिवारपर्यंत थांबले नाहीत. माझ्यासमोर चिठ्ठीपुस्तकातून फाडली, घडी न घालता हातात धरली, आणि स्वतः चालत जाऊन मॅनेजरांच्या ट्रेमध्ये ठेवून आले.